कोरान्न की कंपनीचं ताट?

वैमानिकांच्या जगात एक वाद कायम धुमसत असतो. कामावर असताना परगावी मुक्काम पडला, तर कंपनीने रोजचा ठरावीक भत्ता हातावर ठेवून मोकळं व्हावं, की जेवणाचं बिल परस्पर स्वतः भरावं? वरवर पाहता जालन्याच्या माणसाने या वादात पडायचं काही कारण नाही. जालन्याला धावपट्टी आहे, पण तिकीट काढून बसावं असं रोजचं विमान नाही. त्यासाठी पन्नास-साठ किलोमीटरवरचा चिकलठाणा विमानतळ गाठावा लागतो. पायलट मात्र जालन्यातून रात्रंदिवस जात असतात. इंजिन चालवणाऱ्या ड्रायव्हरचं रेल्वेने 'लोको पायलट' असं बारसं केलं आणि मनमाड–सिकंदराबाद मार्गावरची सगळी स्टेशनं एका फटक्यात पायलटांच्या वाटेवर आली. शिवाय या गावाचं पोटच परगावी फिरणाऱ्यांवर चालतं. इथल्या बियाण्यांच्या पिशव्या घेऊन प्रतिनिधी मराठवाडा-विदर्भ पालथा घालतात, इथल्या कारखान्यांतली सळई ट्रकांवर चढून दूरवर जाते, एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर रात्रवस्तीला परक्या गावात पथारी टाकतात. विमान वगळलं तर वैमानिकांचा प्रश्न जालन्यात शाबूत आहे. आणि तो प्रश्न एवढाच, की घरापासून लांब गेलेल्या माणसाची भूक कोणाच्या नावावर चढवायची?

'भत्ता' हा शब्दच मुळात पोटातला आहे. संस्कृतात 'भक्त' म्हणजे शिजलेलं अन्न. प्राकृतात त्याचं 'भत्त' झालं आणि आपल्या ताटात 'भात'. नोकरीतला भत्ताही याच घराण्यातला, असं एक मत आहे. ज्यांचा व्युत्पत्तीवर विश्वास नाही त्यांनी आठवडी बाजारात जावं. तिथे भेळभत्ता कागदाच्या पुडीत बांधून मिळतो, आणि महागाईपुढे दोन्ही भत्त्यांचं वजन जवळपास सारखंच भरतं. पण आपल्या वादाचा खरा निवाडा याच जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात सापडतो. तिथल्या जांब गावी १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधात भिक्षेवर एक अख्खा समास लिहिला आहे, चौदाव्या दशकातला दुसरा. भिक्षेवर जेवणारा तो निराहारीच समजावा, असा त्यातला एक विचार आहे. (हा समास कोणत्याही लेखा विभागाच्या नजरेला न पडो. निराहारी माणसाला दैनिक भत्ता कशापोटी, असा शेरा मारायला त्यांना एवढा आधार पुरे.) भिक्षेचे दोन प्रकार आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. दाराशी कोरडं धान्य, पीठ, डाळ घातली तर ते कोरान्न. शिजवलेला भात-भाकरी वाढली तर ती माधुकरी. रोख भत्ता हे कोरान्न आहे आणि कंपनीचं ताट ही माधुकरी. माझं मत कोरान्नाच्या बाजूने आहे, आणि त्याची कारणं आध्यात्मिक मुळीच नाहीत.

कंपनीचं ताट दिसायला उदार असतं. माणसाला हिशेब नको, सुट्टे पैसे नकोत, गावात चांगली खानावळ कुठे हे रिक्षावाल्याला विचारायला नको. बसलं, जेवलं, सही केली. मालकाची बाजूही खोटी नाही. पैसे दिले तर माणूस वडापाववर दिवस काढून उरलेले घरी नेतो, आणि आम्ही पैसे दिले होते जेवायला. ताट दिलं की ते ताटातच राहतं. पण या बोलण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे भूक ही सर्वांना सारखी, एकाच वेळी आणि एकाच पदार्थाची लागते. मंगल कार्यालयातल्या आचाऱ्याला हे गृहीत धरावंच लागतं, कारण त्याला पंगत उठवायची असते. पण जो माणूस पहाटे तीनला ड्यूटी संपवून येतो, त्याच्यासमोर छापील वेळेत मिळणारा 'ब्रेकफास्ट' म्हणजे शिक्षाच. ज्याला ज्वारीची भाकरी, पिठलं आणि ठेचा मिळाला नाही तर जेवल्यासारखंच वाटत नाही, त्याला चार दिवस पनीरच्या लाल रश्श्यात बुडवून ठेवलं तर पाचव्या दिवशी तो स्वतःच्या पैशाने भाकरी खातो. कंपनीच्या वहीत मात्र तो पाचही दिवस पनीरच खातो. ताट दिल्याने पैसा वाचला असं मालकाला वाटतं. खरं तर एका जेवणाचे पैसे दोघांनी मिळून दोनदा भरलेले असतात.

विमान कंपन्यांना या एका ताटाची भीती फार आधी कळली. कॅप्टन आणि सहवैमानिक यांना वेगवेगळं जेवण देण्याची पद्धत अनेक कंपन्या पाळतात; एकाच्या पोटाने दगा दिला तर दुसऱ्याचं पोट विमान उतरवण्यापुरतं तरी जागेवर असावं, हा हेतू. ही भीती काल्पनिक नव्हे. ३ फेब्रुवारी १९७५ रोजी जपान एअर लाइन्सच्या एका विमानात अँकोरेज ते कोपनहेगन या टप्प्यावर दिलेल्या ऑम्लेटमधल्या दूषित हॅमने १४३ जणांना रुग्णालयात पोचवलं. वैमानिक वाचले ते कोणाच्या दक्षतेमुळे नाही. त्यांच्या शरीराच्या घड्याळात ती नाश्त्याची वेळच नव्हती, म्हणून त्यांनी ऑम्लेट खाल्लंच नाही. इतकी मोठी कंपनी, इतकी यंत्रं, आणि विमान सुखरूप उतरलं ते भूक ठरल्या वेळी न लागल्यामुळे. आपल्याकडे वेगवेगळ्या जेवणाचा हा नियम लावायचा तर एकाला वांग्याची भाजी आणि दुसऱ्याला पिठलं वाढावं लागेल, आणि वाटेत दोघं एकमेकांच्या डब्यात हात घालणार नाहीत याची हमी कोणतंही विमान-प्राधिकरण देऊ शकणार नाही.

ताट आणि भत्ता यांच्यामध्ये तिसरी एक वाट काढली जाते, तिचं नाव 'अ‍ॅक्चुअल'. खा, बिल आणा, पैसे घ्या. तीनही पद्धतींत ही सर्वांत न्याय्य दिसते आणि सर्वांत जास्त पाप करवते. रस्त्याकडेच्या ज्या टपरीवर जेवण खरोखर चांगलं मिळतं, तिथे बिलबुक नसतं. आणि जिथे छापील बिल मिळतं, तिथे बिलाशिवाय घेण्यासारखं फारसं काही नसतं. मग सरळमार्गी माणसाला कोरं बिल मिळवावं लागतं, त्यावर डाव्या हाताने आकडा घालावा लागतो, आणि वरण-भाताची 'स्पेशल थाळी' करावी लागते. एरवी दोन ओळींचं पत्र लिहायला कंटाळणारा माणूस महिनाअखेरीस तीस दिवसांच्या जेवणाची सुसंगत कादंबरी रचतो. ती वाचायला दुसऱ्या टोकाला पगारी माणूस बसवलेला असतो, आणि एकादशीला अंडाकरी कशी, अशा शंका काढणं हे त्याचं काम असतं. पन्नास रुपयांच्या जेवणावर दीडशे रुपयांचा वेळ खर्च करणारी ही व्यवस्था काटकसरीच्या नावाखाली चालते, हे तिचं विशेष.

हे कळायला खुद्द केंद्र सरकारला नऊ वर्षं लागली. सहाव्या वेतन आयोगानंतर, २००८ पासून, दौऱ्यावरच्या कर्मचाऱ्याला जेवणाचे पैसे बिलापोटी मिळू लागले. सर्वांत वरच्या अधिकाऱ्याला दिवसाला ५०० रुपयांपर्यंत आणि तळच्या कर्मचाऱ्याला १०० रुपयांपर्यंत. म्हणजे पद वाढलं की भूक पाचपट होते, असं सरकारचं निरीक्षण होतं. सातव्या आयोगानंतर जुलै २०१७ मध्ये अर्थ मंत्रालयाने हे गुंडाळलं. त्याजागी एकरकमी आकडा आला, तेव्हाच्या दराने वरच्यांना १,२०० आणि तळच्यांना ५०० रुपये, आणि भरपाईची कल्पनाच संपवली असल्याने पावत्या लागणार नाहीत, असं स्पष्ट लिहून टाकलं. नऊ वर्षांत साहेबाची भूक शिपायाच्या पाचपटीवरून अडीचपटीच्याही खाली उतरली; समाजवादाची वाटचाल इतक्या नेमक्या आकड्यांत क्वचितच पाहायला मिळते. विशेष म्हणजे ही पद्धत रेल्वेत आधीपासून चालत असलेल्या पद्धतीला धरून आहे, हेही त्या आदेशात नमूद आहे. म्हणजे दिल्लीच्या बाबूंना शेवटी स्टेशनवरच यावं लागलं.

अर्थात एकरकमी म्हटल्यावर सरकार गप्प बसेल तर ते सरकार कसलं. बिलं गेली आणि घड्याळ आलं. मुख्यालयापासून सहा तासांपेक्षा कमी वेळ दूर राहिलात तर रकमेच्या ३० टक्के, सहा ते बारा तास राहिलात तर ७० टक्के, त्यापुढे पूर्ण. आणि दिवस मोजायचा मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत. २०१७ च्या दराने तळच्या पायरीवरच्या माणसाचा हिशेब करून पाहा. जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला गेला, काम उरकलं, पावणेसहा तासांत परत आला, तर १५० रुपये. वाटेत बदनापूरला उतरून शांतपणे चहा प्याला आणि सव्वासहा तासांनी पोचला, तर ३५०. तो चहा त्याला दोनशे रुपये देऊन गेला. दिवसभर दुकान उघडं ठेवूनही चहावाल्याला एका कपामागे असा नफा कधी झाला नसेल. कोणी म्हणेल, हा तर तुमच्या कोरान्नातलाच दोष. आहे, कबूल. पण तो दोष रोख देण्याचा नाही, देताना हात आखडण्याचा आहे. अर्धवट विश्वासाला फटी फार असतात आणि त्या प्रत्येक फटीत एक चहाची टपरी उभी राहते.

आता सर्वांत मोठा आक्षेप. रोख दिले की माणूस खात नाही, वाचवतो. मी म्हणतो, वाचवू दे. घरून दशम्या आणि धपाटे बांधून नेणारा माणूस कंपनीची कसली फसवणूक करतो? त्याने परगावी जेवण मिळवण्याचा प्रश्न सोडवला आहे, फक्त तो आदल्या रात्री आणि स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या माणसाच्या श्रमांनी सोडवला आहे. त्या दशम्यांची मजुरी कोणत्या सदरात धरणार? भत्त्यातून उरलेले दोनशे रुपये त्या मजुरीचेच असतात, आणि ते योग्य हातात पोचतात की नाही हा घरातला प्रश्न आहे, लेखा विभागाचा नव्हे. शिवाय इतिहास असं सांगतो, की एकदा दिलेला भत्ता परत घ्यायला गेलं की भुकेपेक्षा भयंकर गोष्टी होतात. प्लासीनंतर नवाब मीर जाफरने ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांना दुप्पट भत्ता चालू केला. नवाब गेला तरी सवय राहिली. १७६६ साली क्लाइव्हने तो बंद केला, तेव्हा बंगालच्या फौजेतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी एकगठ्ठा राजीनामे द्यायचा कट केला. ज्यांनी एक सुभा जिंकून घेतला होता त्यांचं घोडं रोजच्या जेवणाच्या पैशावर अडलं. आणि ते पैसे कापणारा कोण, तर स्वतः बंगालमधून अफाट संपत्ती घेऊन गेलेला क्लाइव्ह. दौऱ्याच्या बिलांना कात्री लावणाऱ्या वरिष्ठांची परंपरा किती थोर आहे ती पाहा.

याहून गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा आहे, आणि त्याला थट्टेवारी नेता येत नाही. पैसे वाचवण्यासाठी उपाशी राहिलेला माणूस हजार प्रवाशांची गाडी ओढत असेल तर? शिवाय रात्री अडीच वाजता अनोळखी स्टेशनात उतरलेल्याला खिशातले पाचशे रुपये खाता येत नाहीत. इथे मला माधुकरीवाल्यांपुढे थोडं नमतं घ्यावं लागतं, पण पूर्ण नाही, कारण रेल्वेने यावर काढलेला तोडगा मला विमान कंपन्यांच्या सगळ्या धोरणांहून शहाणा वाटतो. गाडी चालवणाऱ्या 'रनिंग स्टाफ'ला दिवसाचा भत्ताच नसतो. दर शंभर किलोमीटरमागे ठरावीक रक्कम मिळते. किती तास बाहेर होतास, काय खाल्लंस, हे विचारायचं नाही; गाडी किती चालवलीस तेवढं सांग. आणि परगावी उतरल्यावर झोपायला रनिंग रूम आणि तिथे स्वयंपाकी. जुन्या पद्धतीत ड्रायव्हर आणि गार्ड आपापला शिधा पेटीतून घेऊन यायचे, रनिंग रूममधला स्वयंपाकी तो शिजवून द्यायचा. पुढे सवलतीतलं जेवणही आलं. चूल मालकाची, शिधा आपला. भाकरी किती जाड हवी, तिखट किती, आणि भात आधी की नंतर, हे खाणाऱ्याने सांगायचं, जाळ मालकाने घालायचा. भूक खाणाऱ्याच्या नावावर राहते आणि उपाशी राहण्याची सबब उरत नाही. शिवाय या किलोमीटरच्या भत्त्याचा मान एवढा, की निवृत्तिवेतन ठरवताना मूळ पगारात त्यापोटी ५५ टक्के धरले जातात. बाहेरगावी खाल्लेल्या भाकरीवर मरेपर्यंत पेन्शन मिळते असं दुसरं खातं दाखवा.

ज्याचा पगार त्यानेच भत्ता द्यावा, हे मात्र सोडता कामा नये. नाहीतर चौथीच पद्धत सुरू होते, आणि तिची चव महामार्गावरच्या प्रत्येक प्रवाशाने घेतली आहे. लांब पल्ल्याची गाडी ज्या ढाब्यावर थांबते तिथे ड्रायव्हरचं ताट आतल्या खोलीत वेगळं लागतं, त्यात पापडही असतो, आणि बिल येत नाही. बिल येत नाही म्हणजे कोणी भरत नाही असं नव्हे. चाळीस प्रवासी गार पोहे आणि कोमट चहासाठी जे मोजतात, त्यात ते ताट वाटून दिलेलं असतं. वरकरणी फुकट, आतून वर्गणी. जेवण कुठे चांगलं यावर गाडी थांबत नाही, ताट कुठे भरलेलं यावर थांबते. आणि चाळीस भुका एका भुकेच्या मागे रांगेत उभ्या राहतात. त्या माणसाला धड भत्ता मिळाला असता तर तो कदाचित पोहे गरम असलेल्या ठिकाणी थांबला असता, कारण पैसे स्वतःचे मोजताना माणूस पोह्यांना हात लावून बघतो. ज्याचे पैसे त्यानेच ताट निवडावं, हे प्रवाशांच्या बाबतीत रेल्वेलाही उमगलं आहे. ३० डिसेंबर २०२३ ला जालना–मुंबई वंदे भारत सुरू झाली. त्या गाडीचं तिकीट काढताना खाणं हवं की नको हे विचारतात, आणि नको म्हटलं तर तेवढे पैसे वगळतात. ज्या जिल्ह्यात १९६४ साली 'महिको' ही बियाण्यांची कंपनी सुरू करणाऱ्या बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, तिथल्या माणसाला निदान आपलं अन्न नाकारण्याचा अधिकार असायलाच हवा.

गावपातळीवर या सगळ्या धोरणांची परीक्षा भाड्याच्या गाडीत होते. देवदर्शनाला किंवा लग्नाला गाडी ठरवताना किलोमीटरचा दर, टोल आणि पार्किंग ठरलं की शेवटी एक वाक्य येतंच: "ड्रायव्हरचं जेवण तुमच्याकडे का आमच्याकडे?" मालक म्हणतो, "भत्ता तीनशे द्या, जेवणाचं तो बघून घेईल." इतका स्वच्छ करार केंद्रीय अर्थ मंत्रालयालाही जमलेला नाही. पण तो टिकत नाही, कारण दुपारी सतरंजी पसरली, डबे उघडले, की घरातली वडीलधारी बाई म्हणते, "अहो दादा, तुम्ही पण बसा की. तिकडं एकटे काय खाणार?" दादा म्हणतो, "नको मावशी, मला भत्ता मिळालाय." मावशी म्हणते, "मंग काय झालं? भत्त्यानं पोट भरतं का?" आणि कोरान्नावर माधुकरी वाढली जाते. माझ्या सगळ्या युक्तिवादाला एवढं एकच खिंडार आहे, आणि ते बुजवायची माझी तयारी नाही. हिशेबी पुतण्या मात्र परतल्यावर मालकाशी वाद घालतो, की तो आमच्यात जेवला, मग तीनशे कशाचे? त्याचं उत्तर द्यायला अंगारकीच्या दिवशी राजूरच्या गणपतीला जावं. गाडीतल्या सगळ्यांना उपास, ड्रायव्हरलाही उपास. दुपारी साबुदाण्याची खिचडी मावशीची. पण उपास सुटणार चंद्रोदयाला, आणि तोपर्यंत दर्शनाची रांग संपून गाडी जालन्याला पोचलेली असेल की राजूरच्या गर्दीतच अडकलेली असेल, हे कोणालाच माहीत नसतं. म्हणून मालक आता भत्ता सकाळीच मागून घेतो.